उजव्या बगलेतून बाकावर

नमस्कार श्रोतेहो.

आशियाई खेळांमध्ये भारताला फुटबॉलचं पदक शेवटचं मिळालं ते १९७० साली, बँकॉकला. जपानला १-० असं हरवून ब्राँझ. त्याआधीचं पदक १९६२चं, जकार्ताचं, आणि ते सोन्याचं. या दोन्ही पदकांशी एकाच माणसाचं नाव जोडलेलं आहे. जकार्तात तो भारताची जर्सी घालून गोल मारत होता, आणि बँकॉकला जी. एम. एच. बाशांच्या जोडीने बाकावर बसून संघ चालवत होता. प्रदीपकुमार बॅनर्जी. देशभर पीके, आणि कोलकात्याच्या खेळाडूंचे प्रदीपदा.

तुम्ही म्हणाल, हे कोलकात्याचं प्रकरण गोदाकाठी कशाला? आपलं नाशिक क्रिकेटवालं, ते मान्यच आहे. पण पावसाळा लागला की शाळांच्या मैदानांवर चिखलात फुटबॉल दिसायला लागतो, सुब्रतो कपच्या जिल्हा फेऱ्या होतात, तिथून विभाग, मग राज्य. या पोरांच्या मागे एक सर उभे असतात. गळ्यात शिट्टी, विजार गुडघ्यापर्यंत दुमडलेली. बहुतेकदा ते स्वतः कधीतरी खेळलेले असतात, आणि आपण सरळ धरून चालतो की जो चांगला खेळला तो चांगलं शिकवणारच. मला हे कधीच पटलेलं नाही. त्यातही आघाडीच्या खेळाडूला कोच होणं सगळ्यात जड जातं, असं माझं मत आहे. गोलकीपरला आणि बचाव फळीला सगळं मैदान समोर दिसतं. ते नव्वद मिनिटं खेळ वाचत असतात, ओरडून इतरांना हलवत असतात. आघाडीचा माणूस बराच वेळ स्वतःच्या संघाच्याच बाजूला तोंड करून, प्रतिस्पर्ध्याच्या गोलकडे पाठ करून उभा. त्याला एक क्षण हवा असतो, आणि त्या क्षणी त्याने थोडं स्वार्थी असावं लागतं. असा माणूस उद्या बाकावर बसून अकरा जणांचा विचार कसा करणार?

पीकेंना ते जमलं. का जमलं, याचं माझं उत्तर त्यांच्या नोकरीत आहे.

जन्म २३ जून १९३६, जलपायगुडी जिल्ह्यातल्या मैनागुडीचा. पुढे कुटुंब जमशेदपूरला. पंधराव्या वर्षी बिहारकडून संतोष ट्रॉफी, म्हणजे राज्याराज्यांतली राष्ट्रीय स्पर्धा. मग कोलकात्यात आर्यन क्लब, आणि १९५५पासून ईस्टर्न रेल्वे. भावंडांत ते थोरले, घर चालवायचं होतं, रेल्वेची नोकरी पक्की होती. नाशिकरोड, इगतपुरी, भुसावळकडच्या रेल्वेच्या घरांत याचा अर्थ वेगळा सांगायला नको. मोहन बागान आणि ईस्ट बंगाल हे कोलकात्याचे दोन डोंगर. पीके दोघांकडूनही कधी खेळले नाहीत. १९६७मध्ये बूट काढून ठेवले तेव्हाही ते रेल्वेचेच होते.

तुलनेने लहान संघात आघाडीला खेळणं म्हणजे मोठ्या पंगतीत शेवटच्या पाटावर बसणं. वाढपी येईपर्यंत भाजी संपलेली. चेंडू येणार चार-पाच वेळा, तोही उशिरा आणि वेडावाकडा. अशा वेळी दोनच गोष्टी होतात. एक तर माणूस चिडून बसतो, नाही तर मागच्या प्रत्येकाला ओळखायला लागतो. कोण घाबरला की लांब मारतो, कोणाला आधी शाबासकी दिली की पुढचा पास नीट येतो, कोणाला दोन शब्द सुनवावे लागतात. १९५८ साली या ईस्टर्न रेल्वेने कोलकाता लीग जिंकली. मोहन बागान, ईस्ट बंगाल आणि मोहम्मडन स्पोर्टिंग, या तिन्ही बड्या क्लबांना मागे टाकून. बड्या तिघांबाहेरच्या संघाला ही लीग पुन्हा जिंकायला थेट २०१९ साल उजाडावं लागलं, तेव्हा पीअरलेसने जिंकली. या एका गोष्टीवरून कळेल रेल्वेने काय केलं होतं.

खेळाडू म्हणून पीके काटेकोर बोलायचं तर राइट आउट, उजव्या बगलेचे. टचलाइनला धरून सुसाट निघायचं आणि कोनातून उजव्या पायाने सणसणीत फटका. १९५६च्या मेलबर्न ऑलिंपिकला भारत चौथा आला, त्या संघात ते होते. ऑस्ट्रेलियाविरुद्ध हॅटट्रिक मारली ती मात्र आपल्या मुंबईच्या टाटा स्पोर्ट्सच्या नेव्हिल डिसूझाने. १९६०च्या रोमला पीके कर्णधार. फ्रान्सशी १-१ बरोबरी झाली, भारताचा गोल त्यांचाच.

जकार्ताचा अंतिम सामना मात्र थोडा थांबून सांगतो. ४ सप्टेंबर १९६२. समोर दक्षिण कोरिया, ज्यांच्याकडून भारत पहिल्याच सामन्यात ०-२ हरला होता. इस्राएल आणि तैवानला यजमानांनी येऊ दिलं नाही म्हणून एका भारतीय पदाधिकाऱ्याने आक्षेप घेतलेला, त्यामुळे सगळं स्टेडियम भारतावर खवळलेलं. बचावातला जर्नेल सिंग, डोक्याला टाके पडलेले, म्हणून भारताचे कोच रहीम साहेबांनी त्याला थेट सेंटर फॉरवर्ड केलं. गोलकीपर थंगराज तापातून उठलेला. सतराव्या मिनिटाला पीकेंचा गोल, विसाव्याला जर्नेलचा, २-१. टाके पडलेल्या स्टॉपरला पुढे खेळवायची छाती असलेले सय्यद अब्दुल रहीम तेव्हा कॅन्सरने आजारी होते. पुढच्याच जूनमध्ये गेले. पीके असल्या माणसाच्या हाताखाली वाढले. कोचिंगचं पुस्तक त्यांनी केव्हा वाचलं असेल ते असो, कोचिंग पाहिलं ते इथे.

आता बाकाकडे येऊ. १९७२ साली ईस्ट बंगालने पीकेंना बोलावलं. त्या वर्षी ईस्ट बंगालने लीग जिंकली, आणि अख्ख्या लीगमध्ये एकही गोल खाल्ला नाही. मला यातली गंमत फार आवडते. आयुष्यभर गोल मारणारा माणूस, आणि त्याच्या पहिल्याच मोठ्या क्लबची ख्याती कशाची, तर न खाल्लेल्या गोलांची! बचाव कुठे उसवतो हे चोराला पहारेकऱ्यापेक्षा जास्त माहीत असतं. १९७५च्या आयएफए शील्डच्या अंतिम सामन्यात याच ईस्ट बंगालने मोहन बागानला ५-० धुतलं. कोलकात्यात त्या निकालाची जखम अजून ओली आहे, विचारून बघा.

आणि पुढच्याच वर्षी पीके मोहन बागानच्या बाकावर! लीगमधल्या डर्बीत, म्हणजे या दोन क्लबांच्या आपसातल्या सामन्यात, शिट्टी वाजल्यावर सतराव्या सेकंदाला मोहम्मद अकबरने गोल केला आणि बागानने ईस्ट बंगालला १-० हरवलं. १९७७मध्ये आयएफए शील्ड, ड्युरंड आणि मुंबईचा रोव्हर्स कप, तिन्ही मोहन बागानचे. त्या काळी नाशिकचे काही जुने शौकीन पंचवटी एक्सप्रेस धरून कूपरेजवर रोव्हर्सचे सामने बघायला जात. त्यांच्या गप्पांत बागानचे हबीब, श्याम थापा ही नावं अशी यायची, जणू ही माणसं रविवार कारंज्यावर रोज भेटतात.

त्याच वर्षी २४ सप्टेंबरला ईडन गार्डन्सवर पेलेचा न्यूयॉर्क कॉसमॉस आला. मैदान पावसाने भिजलेलं. पेलेला धरायचं काम गौतम सरकारकडे. श्याम थापा आणि हबीब, दोघांचे गोल, बागान २-१ पुढे. मग एका वादग्रस्त पेनल्टीवर २-२. पेलेचा निरोपाचा सामना आठवड्याभराने, १ ऑक्टोबरला अमेरिकेत झाला. लोकांना पेले आठवतो. मला आठवतो तो हिशोब, की जगातल्या सगळ्यात मोठ्या नावासमोर उभं राहायचं असताना एका मिडफिल्डरच्या मनातली भीती कोणीतरी आधी काढून टाकली होती.

ती काढणं म्हणजेच पीकेंचं गाजलेलं ‘व्होकल टॉनिक’. सामन्याआधी आणि मध्यंतरात खेळाडूंशी बोलणं. याची इतकी दंतकथा झाली, की पीके नुसतेच बोलबच्चन होते असा समज पसरला. मला वाटतं हा अन्याय आहे. मोठ्या आवाजात बोलणारे कोच गल्लोगल्ली आहेत. कोणाशी काय बोलायचं आणि कोणाशी अजिबात बोलायचं नाही, हे ओळखणं वेगळं. १९९७चं उदाहरण घ्या. पीके तेव्हा पुन्हा ईस्ट बंगालच्या बाकावर. फेडरेशन कपची उपांत्य फेरी, समोर मोहन बागान, १३ जुलै, सॉल्ट लेक, सव्वा लाखाहून जास्त माणसं. मोहन बागानचे कोच अमल दत्ता आपल्या डायमंड पद्धतीवर, म्हणजे खेळाडूंच्या चौकटच्या आकाराच्या रचनेवर, खूश. सामन्याआधी त्यांनी ईस्ट बंगालच्या पोरांची टर उडवली: भाईचुंग भुतियाला ‘चुंगचुंग’, ओमोलोला ‘ऑम्लेट’. एकसष्ट वर्षांच्या पीकेंनी प्रत्युत्तर दिलं नाही. जे म्हटलं गेलं ते त्यांनी आपल्या खेळाडूंपर्यंत नीट पोहोचू दिलं, एवढंच. निकाल ४-१, भाईचुंगची हॅटट्रिक.

हे औषध प्रत्येक वेळी लागू पडलं असंही नाही. १९८२च्या दिल्ली आशियाईत पीकेंचा भारतीय संघ उपांत्यपूर्व फेरीत सौदी अरेबियाकडून ०-१ हरला, घरच्या मैदानावर. क्लबात पोरं वर्षभर हाताशी असतात, देशाच्या संघात शिबिरापुरती. माणूस ओळखायला वेळ लागतो, आणि पीकेंचं सगळं भांडवल तेच होतं. म्हणूनच बहुधा पुढे जमशेदपूरच्या टाटा फुटबॉल अकादमीत, मिसरूड न फुटलेल्या पोरांत, ते रमले.

मानसन्मान भराभर सांगतो: १९६१चा अर्जुन पुरस्कार, तो मिळवणारे पहिले फुटबॉलपटू. १९९०ला पद्मश्री. २००४मध्ये फिफाचा शताब्दी ऑर्डर ऑफ मेरिट. २० मार्च २०२०ला कोलकात्यात गेले, ८३ वर्षांचे होऊन. देश तेव्हा कोरोनाच्या दारात उभा होता, वर्तमानपत्रांत त्यांना मिळायला हवी होती तेवढी जागा मिळाली नाही.

तर श्रोतेहो, यंदा आपल्या मुलाचा किंवा पुतणीचा सामना बघायला गेलात, की एक करा. मध्यंतर झालं की चहाच्या गाडीकडे वळू नका. थोडं लांब उभं राहून सर काय करतात ते बघा. गोल खाल्लेल्या कीपरच्या खांद्यावर हात ठेवतात की सगळ्यांसमोर झापतात? ज्याने सोपी संधी घालवली त्या पोराशी आधी बोलतात की शेवटी? आणि सर स्वतः जुने स्ट्रायकर असतील, तर ‘मी असतो तर मारला असता’ हे वाक्य त्या दहा मिनिटांत किती वेळा येतं, तेही मोजा. नमस्कार.