चार्ल्स बीन यांच्या वह्या

चार्ल्स बीन यांचं नाव निघालं की बारा खंड आठवतात. पहिल्या महायुद्धातल्या ऑस्ट्रेलियाच्या अधिकृत इतिहासाचे ते संपादक होते. त्यांतले पहिले सहा खंड त्यांनी स्वतः लिहिले: पहिला १९२१चा, सहावा १९४२चा. पण आज मला खंडांपेक्षा त्यांच्यामागच्या वह्यांबद्दल बोलायचं आहे. कारण बातमीदाराचा इतिहासकार घडला तो तिथे.

१९१४मध्ये पत्रकारांच्या संघटनेने मतदान घेऊन त्यांना अधिकृत युद्धवार्ताहर नेमलं. २५ एप्रिल १९१५ला ते ऑस्ट्रेलियन सैन्यासोबत तुर्कस्तानातल्या गॅलिपोलीच्या किनाऱ्यावर उतरले. ऑगस्टमध्ये मांडीत गोळी घुसली, तरी त्यांनी किनारा सोडला नाही. बातमीच्या शर्यतीत मात्र ते मागे पडले: सैन्य किनाऱ्यावर उतरल्याचं वर्णन ८ मे रोजी ऑस्ट्रेलियात छापून आलं ते ॲशमीड-बार्टलेट या ब्रिटिश वार्ताहराचं. बीन यांचा मजकूर त्यानंतर पोहोचला.

त्यांची खरी ताकद चौकशीत होती. चकमक संपली की ते खंदकांत जाऊन जवानांना विचारत: तू कुठे होतास, डावीकडे कोण होतं, अधिकारी कधी पडला? रात्री मेणबत्तीच्या उजेडात हे वहीत उतरे, सोबत हाताने काढलेला नकाशा. गोळीबारात वेळेचा आणि अंतराचा अंदाज हमखास चुकतो, म्हणून एकाच जागेबद्दल दोघातिघांचं म्हणणं घ्यायचं आणि ते जमिनीशी ताडून पाहायचं.

ही जमीन पाहायला ते १९१९च्या फेब्रुवारीत गॅलिपोलीला परतले. सोबत चित्रकार लॅम्बर्ट आणि छायाचित्रकार विल्किन्स होते. १९१५ला उतरल्याच्या पहिल्या दिवशी आपली माणसं नेमकी कुठपर्यंत पोहोचली, हा प्रश्न होता. पाइन रिजवर हाडं सापडली, गणवेशाच्या रंगीत पट्ट्यांवरून सहावी बटालियन ओळखू आली. मग समोरच्या बाजूने लढलेले तुर्की अधिकारी झेकी बे यांना सोबत घेऊन ते तीच टेकाडं चालले. शत्रूचीही साक्ष हवी, हे ज्याला उमगतं त्याला मी इतिहासकार म्हणतो.

खंडांच्या तळटीपा तर स्वतंत्रपणे वाचाव्यात. मजकुरात ज्याचं नाव आलं, त्याचा हुद्दा, तुकडी, व्यवसाय, गाव, जन्म आणि मृत्यूही. गवळी, कारकून, खाणकामगार, सगळे तिथे भेटतात. याची किंमतही मोजावी लागली: फ्रान्समधल्या पोझिएर्ससारख्या लढाईत वाचक पलटणींच्या तपशिलात हरवतो. तिथे सात आठवड्यांहूनही कमी काळात तेवीस हजारांवर ऑस्ट्रेलियन जवान हताहत झाले. ती संख्या समजायला तपशील लागतात, पण लढाईचा एकूण आकारही लागतो.

आणि ते चुकलेही. १९१८मध्ये सेनापती जॉन मोनॅश यांना ऑस्ट्रेलियन कोअरचं, म्हणजे फ्रान्समधल्या ऑस्ट्रेलियन सैन्याचं, नेतृत्व मिळू नये म्हणून त्यांनी पत्रकार कीथ मर्डॉक यांच्यासोबत हालचाली केल्या. मोनॅश यांच्या ज्यू असण्याविषयीचा पूर्वग्रह त्यात होता. ही गोष्ट झाकून बीन यांचा गौरव करणं अप्रामाणिक ठरेल. पुढे त्यांनी स्वतः चूक कबूल केली.

वह्या कॅनबेराच्या युद्धस्मारकाकडे देताना त्यांनी सोबत एक सूचना जोडली: लिहिताना मला जे खरं वाटलं तेवढंच इथे आहे, अनेकदा मी थकलेला, अर्धवट झोपेत होतो, काही समजुती चुकीच्या होत्या आणि प्रत्येक चूक मला नंतर सापडली किंवा मी ती दुरुस्त केली, असं समजू नका. म्हणून अभ्यासकाने वहीचं पान आणि खंडातला उतारा शेजारी ठेवावा, आणि दोन्हींत फरक पडेल तिथे थांबून तिसरा कागद शोधावा.