गोड्या पाण्यातली नाव

मंडळी, आम्हा ख्रिस्ती लोकांत 'मंडळी' म्हणजे चर्चला जमणारी माणसं. त्यामुळे हा शब्द तोंडातून निघाला की माझी नजर सवयीनं अर्पणाची थैली शोधते. आज थैली फिरणार नाही, निवांत बसा.

मी नवापूर तालुक्यातली. छत्तीस वर्षं शाळेत भूगोल शिकवला, नद्या-धरणं फळ्यावर काढली, आणि मला पोहता येत नाही. माझा धाकटा भाऊ पाळक आहे. उकाई धरणाच्या फुगवट्याच्या, म्हणजे मागं साठलेल्या पाण्याच्या काठाला जे पाडे आहेत, तिथं त्याची सेवा. 2018 साली त्याला एक नाव दान मिळाली. त्या नावेनं आमच्या घरात काय काय केलं, ते सांगायला मी उभी आहे.

आधी पाण्याचं सांगते. उकाईचं धरण तापीवर, गुजरातेत, 1972 साली पूर्ण झालं. भिंत त्यांच्याकडे आणि फुगवटा आमच्या तालुक्यात शिरलेला. पूर्ण पातळी 345 फूट. आमच्याकडे कधी शाळेत न गेलेली म्हातारीसुद्धा ही पातळी फुटांत विचारते. पाणी चढलं की टेकड्यांची बेटं होतात, उतरलं की गाळ उघडा पडतो आणि त्या ओलीवर लोक काहीतरी पेरून घेतात. माझ्या वडिलांची साडेतीन एकर त्या पाण्याखाली आहे. ते मरेपर्यंत होडीत बसले नाहीत. म्हणायचे, "माझ्याच शेतावरून मी भाडं देऊन जाऊ?"

समोरच्या काठावरचा पाडा आमच्या अंगणातून दिसतो. संध्याकाळी वारा पडला की तिकडे कोण कुणाशी भांडतंय तेही ऐकू येतं, शिव्यांसकट. पण रस्त्यानं जायचं तर मोटारसायकलवर दीड-दोन तासांचा वळसा. भाऊ पंधरा वर्षं तो वळसा घालत होता. पावसाळ्यात ओढा आडवा आला की गाडी तिथंच ठेवून पायी.

वसईच्या बाजूचे एक कॅथलिक कोळी आहेत. त्यांची मुलगी आमच्याकडे नर्स होती, तिला भेटायला ते आले. काठावर उभे राहिले आणि भावाला विचारलं, "एवढं पाणी आणि तुम्ही रस्त्यानं का जाता?" भाऊ म्हणाला, नाव नाही. त्यांनी मोठी बोट घेतली होती, जुनी वीस फुटी फायबरची नाव किनाऱ्यावर पालथी पडली होती. "ती न्या." एवढंच बोलणं झालं. आमचं प्रोटेस्टंट घर, त्यांचं कॅथलिक, पण त्यावर अर्धं वाक्यसुद्धा कुणी खर्च केलं नाही. एरवी लग्न जमवताना याच फरकावर आमच्याकडे तीन-तीन बैठका होतात.

नाव टेंपोवर आली. टेंपोवाला धुळ्याकडचा. नवापूरला चहाला थांबला तर माणसं गोळा झाली. नवापूरचं रेल्वे स्टेशन अर्धं महाराष्ट्रात, अर्धं गुजरातेत आहे, त्यामुळे आम्हाला चमत्कारिक गोष्टींची सवय असते, पण टेंपोवर नाव कुणी पाहिली नव्हती. एकानं वर बघून टेंपोवाल्याला विचारलं, "भाऊ, आठे समुद्र कोठे शे?" टेंपोवाला तितक्याच गंभीरपणे म्हणाला, "पाद्रीबाबाले विचार."

पुढचं एवढं गमतीचं नाही. नाव कुणाच्या नावावर करायची, इथून सुरुवात झाली. भाऊ म्हणाला, मंडळीच्या नावावर. मंडळीचे पंच म्हणाले, उद्या काही झालं तर पोलीस कुणाच्या दारात येतील? मग भावाच्या नावावर झाली. लगेच गावात बोलणं उठलं की पाद्रीला नाव मिळाली. मिळाली म्हणजे कशी, तर लॉटरी लागल्यासारखी. माझी भावजय हिशेबाची पक्की. ती पहिल्या रात्रीच म्हणाली, "नाव देणारा भेटला. आता पेट्रोल देणारा शोधा."

मशीन नव्हतंच. मागं लावायचं मशीन घ्यायला आणि पेट्रोललाही एका शहरातल्या मंडळीनं पैसे दिले. त्यांचं नाव घेत नाही, माणसं भली आहेत. पण दर तीन महिन्यांनी त्यांचा एक कागद यायचा. त्यात रकाने होते. किती पाड्यांत गेलात, किती सभा झाल्या, किती आत्मे, म्हणजे किती जण ख्रिस्ती झाले. फोटोही पाठवायचे, नावेत बायबल उघडून बसलेले. माझ्या भावानं पहिल्या कागदात खरं लिहिलं. तांदळाची पोती 11, बाळंतीण 2, शाळेचे गुरुजी रोज, कोंबड्या मोजल्या नाहीत. शेवटच्या रकान्यात लिहिलं, "देवाला ठाऊक." पुढच्या वर्षी पेट्रोलचे पैसे आले नाहीत.

तेव्हा मी त्याच्यावर चिडले होते. रकाना भरायला काय जात होतं? आता वाटतं, आम्ही लूककृत शुभवर्तमानातला पाचवा अध्याय नीट वाचला नव्हता. तिथं येशू सरोवराच्या काठावर उभा आहे, गर्दी अंगावर येते आहे. शिमोन रात्रभर राबून रिकाम्या हातानं आला आहे, जाळी धुतो आहे. येशू त्याच्या नावेत चढतो आणि म्हणतो, जरा काठापासून लोट. मग नावेत बसून बोलतो. आवाज पाण्यावरून चांगला जातो हे आमच्या अंगणात बसणाऱ्या कुणालाही कळेल. माझं लक्ष दुसरीकडे आहे. नाव त्याची नव्हती. तो ज्यावर बसून यरुशलेमात गेला ते शिंगरूही मागून आणलेलं, आणि शेवटी ठेवला ती कबरही दुसऱ्याची. शिमोनानं नाव दिली ती एखाद्या सकाळपुरती. त्याच्याकडून कुणी कागद भरून घेतला नाही.

दान दिलेल्या नावांचा इतिहास मोठा आहे. एकच सांगते, कारण त्यात आपल्या महाराष्ट्राचा धागा आहे. अमेरिकन बोर्ड नावाच्या संस्थेचे मिशनरी 1813 साली मुंबईत आले. पुढं त्यांनीच अहमदनगरला काम उभं केलं, 1842 साली 'ज्ञानोदय' हे नियतकालिक सुरू केलं. त्याच बोर्डाला पॅसिफिक महासागरातल्या बेटांवर जायला जहाज हवं होतं. 1856 साली त्यांनी रविवारच्या शाळेतल्या मुलांना दहा-दहा सेंटचे शेअर विकले आणि 'मॉर्निंग स्टार' नावाचं जहाज बांधलं. मुलं म्हणायची, हे आमचं जहाज. आता मला त्यातलं आवडतं ते असं, की एका जहाजानं भागलं नाही. एकामागून एक नवी घ्यावी लागली, कुठलं झिजलं, कुठलं खडकांवर फुटलं. मुलांकडे पुन्हा पुन्हा हात पसरावा लागला. माझ्या भावजयीला हे सांगितलं तर ती म्हणाली, "त्यांनी पेट्रोलचे शेअर काढायला हवे होते." तिला शिडाचं जहाज समजावून सांगण्यात माझी एक संध्याकाळ गेली.

आमच्या नावेचं रोजचं दुखणं म्हणजे खुंट. धरण भरलं तेव्हा जी झाडं बुडाली, त्यांचे बुंधे अजून खाली उभे आहेत. सागाचं लाकूड पाण्यात लवकर मरत नाही. पातळी उतरली की ते वरच्या वीतभर पाण्यात दबा धरून असतात. पंखा खुंटाला लागला की आतली पिन तुटते. तुटायलाच हवी, नाहीतर मशीन जातं. भाऊ या पिना बामच्या रिकाम्या डबीत, शर्टाच्या खिशात ठेवतो. चर्चमध्ये उपदेशाला उभा राहिला तरी ती डबी खिशात वाजते. दुसरं, मशीन स्वतःला गार ठेवायला बाहेरचं पाणी ओढतं आणि मागून एक बारीक धार सोडतं. त्या धारेवर नजर ठेवायची. गाळ ओढला गेला की धार पातळ होते, थांबली की लगेच मशीन बंद. माझी आठ वर्षांची भाची हे काम करायची. सगळे गाणं म्हणायचे, ही पाठमोरी बसून ओरडायची, "धार आहे!" भजनाच्या तालात ओरडायची, त्यामुळे पुढं पुढं ते धृपदासारखंच झालं.

2019 च्या संक्रांतीला तिकडे धडगाव तालुक्यात, नर्मदेवर भुषा इथं, सणाला निघालेल्यांची नाव उलटली. माणसं गेली, त्यात लहान मुलं होती. आमच्याकडे ती बातमी पोचली त्या संध्याकाळी भाऊ जेवला नाही. तोपर्यंत आमच्या नावेतही कुणाला नाही म्हणायची रीत नव्हती. सेवेची नाव, नाही कसं म्हणणार? दुसऱ्या दिवशी त्यानं आतल्या बाजूला लाल रंगानं आडवी रेघ मारली आणि माणसं आठ असं लिहिलं. अंगात घालायची जॅकेटं सुरतेहून आणली, उधारीवर. त्या आठवड्यात नववा माणूस म्हणून त्यानं ज्याला काठावर ठेवलं, तो आमच्याच मंडळीतला वडील, म्हणजे पुढारी होता. दोन महिने तो चर्चला आला नाही. आठवा जो बसला होता, तो पलीकडच्या पाड्यातला भगत. कोंबडा घेऊन कुणाच्या तरी आजारपणाला चालला होता.

हे मी मुद्दाम सांगते, कारण आमच्या भागात ख्रिस्ती माणसाच्या हातात काही दिसलं की लोकांना संशय येतो, आणि तो सगळाच खोटा असतो असं मी म्हणणार नाही. देऊन बांधून घेणारे आमच्यातही आहेत. भगत उतरताना भावाला म्हणाला, "तुझ्या देवाची नाव, माझ्या देवाचा कोंबडा." दोघं हसले. भाड्याचे दहा रुपये मात्र भगतानं मोजून दिले, तो फुकट बसायला तयार नव्हता. तिथून पुढं सगळ्यांना दहा रुपये झाले, पंचांनाही. पेट्रोलचा प्रश्न दात्यांनी सोडवला नाही, तो भगतानं सोडवला. शहरातल्या मंडळीला हे कळवावं असं मला फार वाटत होतं. भावानं कळवू दिलं नाही.

तीन वर्षांनी तळाला चीर गेली. फायबरचं ठिगळ लावताना भाऊ खट्टू झाला, दान मिळालेली वस्तू खराब केली म्हणून. मी त्याला इस्राएलातल्या गालील सरोवरात सापडलेल्या नावेची गोष्ट सांगितली. 1986 साली तिकडे दुष्काळ पडला, सरोवर मागं हटलं आणि दोन मच्छीमार भावांना चिखलात एक जुनी नाव दिसली. येशूच्या काळाच्या आसपासची, सव्वाआठ मीटर लांब. तपासली तर तिच्यात बारा जातींचं लाकूड निघालं. म्हणजे मालक मिळेल त्या फळीनं तिला डागडुजी करत राहिला. भाऊ म्हणाला, "ताई, आपल्याला रेझिन आठशे रुपये किलो सांगतोय." इतिहासानं त्याचं समाधान झालं नाही.

गेल्या साली वसईचे काका पुन्हा आले. आम्ही घाबरलो होतो, नाव अगदी ओरखड्यांनी भरलेली. त्यांनी किती सभा, किती माणसं, काही विचारलं नाही. गुडघ्यावर बसून तळावरून हात फिरवला. प्रत्येक ठिगळापाशी थांबून विचारलं, हे कुठं घासलं, ते कुठं. मग पाण्यात ढकलून आत बसले आणि बराच वेळ काठाकडे बघत राहिले. म्हणाले, "जरा खाली बसतेय." भाऊ म्हणाला, ठिगळांचं वजन असेल. काका म्हणाले, "नाही रे, गोडं पाणी. खाऱ्यात हिला उचलून धरतात, इथं कोण धरणार? तुझी ती लाल रेघ एक बोट खाली घे. आठ नाही, सात."

हे मी छत्तीस वर्षं वर्गात सांगितलं होतं. खाऱ्या पाण्याची घनता जास्त, म्हणून वस्तू वर तरंगते, दोन गुण. आमच्या दारातल्या नावेशी त्याचा संबंध मला लागला नव्हता.

सध्या पाणी उतरलं आहे. नाव चिंचेखाली पालथी आहे, खाली कोंबड्या बसतात. जुनी रेघ खरवडून काढली, नवीचा रंग आणलाय. काका गुरुवारी येतायत, भावाला म्हणालेत, मी येईपर्यंत ब्रश लावू नकोस.