87,000 जणांचा पगार

(पडद्यावर: डेट्रॉइट. कारखान्याच्या फाटकातून बाहेर पडणारी पाळी.)

पगार जमा झाला की आपण आकडा बघतो. त्यामागचा हिशेब कोणी केला, हे कोण विचारतं?

क्रायस्लर या अमेरिकन मोटार कंपनीत तो हिशेब 87,000 जणांचा होता. 1993 मध्ये ठरलं, सगळ्यांसाठी एकच नवी कॉम्प्युटर प्रणाली करायची. नाव सी-थ्री. तीन वर्षं गेली. पगाराचा एकही चेक छापून निघाला नाही.

1996 मध्ये प्रोग्रॅमर केंट बेक यांना बोलावणं गेलं. त्यांनी रॉन जेफ्रीज या दुसऱ्या प्रोग्रॅमरलाही आणलं, आणि कामाची रीतच बदलली. पगाराचे नियम जाणणारी व्यक्ती थेट प्रोग्रॅमरांच्या खोलीत येऊन बसली. मागणी एका कार्डावर मावेल एवढीच. एका कॉम्प्युटरपुढे दोघं. तीन आठवड्यांत होईल तेवढंच काम घ्यायचं, चालवून दाखवायचं, चूक निघाली तर तिथल्या तिथे सुधारायची.

वेगाचंच बघा. सुरुवातीचा अंदाज होता, एकदा पगार काढायला 1,000 तास. म्हणजे चाळीसहून जास्त दिवस. महिन्याचा पगार महिना उलटल्यावर! वेळ नेमका कुठे जातो ते मोजत गेले, तेव्हा 1,000 चे 40 झाले, 40 चे 18, आणि प्रत्यक्ष सुरू होताना 9.

मे 1997. सुमारे 10,000 जणांचा पगार सी-थ्रीवर निघाला. ठरल्यापेक्षा एक-दोन महिने उशिरा, म्हणजे या धंद्यात वेळेवरच म्हणायचं.

(पडद्यावर: भिंतीवरची कार्डं. रिकामी खुर्ची.)

काही महिन्यांतच खोलीतली ती जाणकार व्यक्ती ताणाने थकून निघून गेली. तिच्या तोडीचं कुणी मिळालं नाही. कार्डं होती, चाचण्या होत्या, जोडीने काम चालू होतं. पण ‘हे बरोबर आहे का?’ विचारलं तर उत्तर कोण देणार? एवढ्या मोठ्या कंपनीने हा सगळा भार एकाच माणसावर टाकला होता, हे मला आजही नवल वाटतं. पुढची दोन वर्षं काम झालं, उरलेल्यांच्या पगाराचा दुसरा टप्पा मात्र आलाच नाही.

1998 मध्ये डेमलर-बेंझ या जर्मन मोटार कंपनीबरोबर क्रायस्लरचं विलीनीकरण झालं. 1 फेब्रुवारी 2000 ला सी-थ्री बंद.

वर्षभराने अमेरिकेच्या युटा राज्यात, स्नोबर्डला 17 जणांनी अजाइलचा, म्हणजे थोडं थोडं करून दाखवत सॉफ्टवेअर बनवण्याच्या रीतीचा, जाहीरनामा लिहिला. त्यांत बेक होते, जेफ्रीजही होते. जाहीरनाम्याच्या 12 तत्त्वांपैकी एक सांगतं: व्यवसायातली माणसं आणि प्रोग्रॅमर यांनी रोज एकत्र काम करावं, प्रकल्प संपेपर्यंत.