लखोबा, खोके आणि बांगड्यांचा आहेर

मंडळी, शिवीवर बोलायचं तर शिवी उच्चारावी लागते, तेव्हा पुढच्या रांगेतल्या ज्येष्ठांनी आधीच सांभाळून घ्यावं. आई-बहिणीच्या शिव्या मी बाजूला ठेवतोय. त्या खास राजकारणाच्या नाहीत, रस्त्यात कट मारणाऱ्या रिक्षावाल्यालाही त्या मिळतात. मला बोलायचंय ते राजकारणात जन्मलेल्या, राजकारणातच चालणाऱ्या हिणवण्याबद्दल.

२८ नोव्हेंबर २०१९ची संध्याकाळ आठवा. शिवाजी पार्क. उद्धव ठाकरे मुख्यमंत्रिपदाची शपथ घेतात आणि त्यांच्याबरोबर सहा मंत्री. त्यात छगन भुजबळ आहेत. १९९१ साली भुजबळांनी शिवसेना सोडली तेव्हा बाळासाहेबांनी त्यांचं बारसंच केलं होतं: लखोबा लोखंडे. अत्र्यांच्या ‘तो मी नव्हेच’मधला, नावं बदलून बायकांना फसवणारा भामटा. प्रभाकर पणशीकरांनी तो लखोबा गावोगावी पोचवलेला, त्यामुळे सभेत नुसतं ‘लखोबा’ म्हटलं की हशा. पुढचं काही सांगावं लागत नसे. आणि हे सरकार जुळवणारे कोण, तर शरद पवार. त्यांना बाळासाहेब भर सभेत ‘मैद्याचं पोतं’ म्हणायचे. आता त्याच बाळासाहेबांचे चिरंजीव, त्याच शिवतीर्थावर, लखोबा शेजारी आणि पोतं पाठीशी!

त्या सहा जणांत आणखी एक नाव होतं, एकनाथ शिंदे. अडीच वर्षांनी ते शिवसेनेचे आमदार फोडून सुरतमार्गे गुवाहाटीला गेले आणि ‘गद्दार’ झाले. निदान ठाकरे गटाच्या शब्दकोशात झाले. शिंदे गट म्हणाला, खरी गद्दारी २०१९ साली काँग्रेसच्या मांडीला मांडी लावून बसणाऱ्यांनी केली. आमचा तो उठाव. एकाच विमानप्रवासाला बंड, उठाव आणि गद्दारी अशी तीन नावं. कोणतं नाव घेता यावरून तुमचं मत कुणाला ते पानवाल्यालाही कळत होतं. आणि गंमत पुढेच आहे. २ जुलै २०२३ला अजित पवारांबरोबर भुजबळ पुन्हा मंत्री झाले, या खेपेला शिंद्यांच्या मंत्रिमंडळात. म्हणजे एका बाजूचे लखोबा आणि गद्दार चार वर्षांत दोनदा एकाच मंत्रिमंडळात बसले.

यावरून मी असं म्हणतो की पुढाऱ्याला दिलेली शिवी हे त्या पुढाऱ्याचं वर्णन नसतंच मुळी. देणारा आज कुठे उभा आहे, त्याचा तो पत्ता असतो. युती बदलली की पत्ता बदलतो. म्हणून अशा शिव्यांचा मला फार राग येत नाही. काही तर चांगल्या घडवलेल्या असतात.

‘खोके’च घ्या. मुंबईच्या गुन्हेगारी बोलीत पेटी म्हणजे लाख आणि खोका म्हणजे कोटी, हे पूर्वी पोलीस, क्राइम रिपोर्टर आणि सिनेमावाले यांनाच ठाऊक असायचं. ऑगस्ट २०२२च्या पावसाळी अधिवेशनात विरोधी आमदार विधानभवनाच्या पायऱ्यांवर बसले आणि फुटलेल्या आमदारांनी पैसे घेतले असं हिणवत ‘पन्नास खोके, एकदम ओके’ सुरू झालं. बघता बघता शेतकऱ्यांच्या पोरांच्याही तोंडी ते आलं. यमक आहे, ताल आहे, टाळी कुठे पडायची तेही ठरलेलं. शिवाय कुणाचं नाव नाही, कुणी कुणाला दिले याचा उल्लेख नाही. अब्रुनुकसानीचा दावा लावायचा तर आधी ‘तो मीच’ असं म्हणावं लागणार! सत्ताधाऱ्यांनी मग खोक्यांचीच उलटी घोषणा करून पाहिली, २४ तारखेला त्याच पायऱ्यांवर धक्काबुक्कीपर्यंत प्रकरण गेलं.

हा शब्द किती झोंबला ते विरोधकांपेक्षा सत्तेच्या घरातच दिसलं. त्याच ऑक्टोबरात रवी राणांनी बच्चू कडूंवर गुवाहाटीच्या पैशांचा आरोप केला. दोघेही सरकारच्याच बाजूचे आमदार. कडू म्हणाले, पुरावा द्या. शेवटी मुख्यमंत्री-उपमुख्यमंत्र्यांना मध्ये पडावं लागलं आणि राणांनी शब्द मागे घेतले. विरोधक तोच शब्द रोज ओरडत होते तेव्हा तो राजकारण म्हणून खपला. घरातल्याने म्हटल्यावर तो आरोप ठरला. आणि २०२३च्या एप्रिलमध्ये छत्रपती संभाजीनगरच्या एका पोराने खोक्यांवर रॅप केलं, तर त्याच्यावर गुन्हा दाखल झाला. आमदाराने पायऱ्यांवर म्हटलं की घोषणा, पोराने मोबाइलवर म्हटलं की गुन्हा. याला काय म्हणायचं ते तुम्हीच ठरवा.

शिव्यांना आवर घालायचा सरकारी उपाय म्हणजे यादी. जुलै २०२२मध्ये लोकसभा सचिवालयाची असंसदीय शब्दांची पुस्तिका गाजली. त्यात ‘जुमलाजीवी’ होतं, ‘जयचंद’ होता, ‘शकुनी’ होता आणि ‘चमचा’ही होता. लोकसभाध्यक्षांना खुलासा करावा लागला की शब्दांवर बंदी नाही, संदर्भ पाहून ते कामकाजातून काढले जातात. कामकाज टीव्हीवर थेट दिसतं, मग काढून उरतं काय, हा माझा आपला भाबडा प्रश्न. त्यातून ‘चमचा’ला तर फार मोठी परंपरा आहे. कांशीराम यांनी १९८२ साली, दलितांना स्वतंत्र मतदारसंघांऐवजी राखीव जागा देणाऱ्या पुणे कराराला पन्नास वर्षं झाली तेव्हा, या एका शब्दावर अख्खं पुस्तक उभं केलं. राखीव जागांवरून सवर्ण पक्षांच्या मर्जीने निवडून येणारे प्रतिनिधी आपल्या समाजाचे राहत नाहीत, मालकाचे होतात, ही त्यांची मांडणी ‘चमचा’ या शब्दाशिवाय इतकी धारदार झालीच नसती. वापरणारा जाणता असला की शिवीचा असा सिद्धान्त होतो.

पण सगळ्याच शिव्या अशा नाहीत. खोके, गद्दार, आयाराम-गयाराम ही कृत्याची हेटाळणी आहे. न केलेलं नाकारता येतं, केलेलं सुधारता येतं. शरीरावरून, जातीवरून आणि बाईपणावरून दिलेल्या शिवीचं काय करायचं? युती बदलली तरी ती उतरत नाही. फडणवीसांना ‘अनाजीपंत’ म्हणणाऱ्याला इतिहासापेक्षा त्यांची जात सांगायची असते, हे ऐकणाऱ्यालाही कळतं. ‘हे जयभीमवाले’ असं ओठ वाकडा करून म्हटलं की अभिवादनाचीच शिवी होते. आणि ती एका पुढाऱ्याला लागून थांबत नाही, वस्तीतल्या प्रत्येकाला लागते.

बांगड्यांचं तर आपल्याला काहीच वाटेनासं झालंय. पाणी आलं नाही, रस्ता झाला नाही की मोर्चा निघतो आणि अधिकाऱ्याच्या टेबलावर बांगड्या ठेवल्या जातात. वर्तमानपत्रांत ठरलेला मथळा असतो: ‘बांगड्यांचा आहेर’. त्यासोबत कधी साडी-चोळी. फोटोत पुढे बायकाच असतात. स्वतःच्या मनगटात डझनभर बांगड्या घालून त्या साहेबाला सांगत असतात की तू बांगड्या भर, म्हणजे तू आमच्यासारखा नालायक आहेस. हंडे घेऊन मैलभर पाणी वाहणाऱ्या त्याच. साहेबाला लाजवायला स्वतःचाच अपमान त्या हौसेने ताटात मांडून आणतात, आणि आम्ही मथळे देणारे तो छापतो.

महाराष्ट्रात २०११पासून स्थानिक स्वराज्य संस्थांत पन्नास टक्के जागा बायकांच्या आहेत. खुर्चीवर आता सरपंचबाई, सभापतीबाई आहेत. तिथे मोर्चा नेताना ताटात काय ठेवायचं, हे मोर्चेकऱ्यांना अजून सुचलेलं दिसत नाही.