रॉड अडला, की ताकद अडली?

(दृश्य: रॅकवर रिकामा रॉड. शेजारी प्लेटांची चळत.)

हा रॉड एकही प्लेट न लावता २० किलोचा आहे. महिला वेटलिफ्टर स्पर्धेत वापरतात तो १५ किलोचा आणि जरा बारीक असतो, पण तो प्रत्येक जिममध्ये मिळेलच असं नाही. सगळ्यात छोटी प्लेट बहुतेक ठिकाणी सव्वा किलोची. दोन्ही बाजूंना एकेक लावली की अडीच किलो झाले. त्याहून कमी वाढवायची सोयच नाही.

आता हिशेब बघा. १०० किलोचा स्क्वॉट (रॉड खांद्यांवर घेऊन बैठक) मारणाऱ्याला अडीच किलो म्हणजे २.५ टक्के. बेंच प्रेसला (बाकावर उताणं पडून रॉड छातीवरून वर ढकलायचा) २५ किलोवर पोचलेल्या पंधरा वर्षांच्या मुलीला तेच अडीच किलो म्हणजे १० टक्के. प्लेट तीच, उडी चौपट. ती रॉड छातीपर्यंत आणते, वर नेताना अर्ध्यात अडकते, मागे उभी असलेली मैत्रीण हात लावते आणि वहीत शेरा पडतो: ‘वाढ नाही.’

वाढ झालेली असू शकते. महिन्यापूर्वी २५ किलोवर पाच रेप्स (सलग पाच वेळा उचलणं) होत होत्या आणि आज आठ होत असतील, तर ती ताकदच आहे. ती दाखवेल एवढी छोटी प्लेट तिथे नाही, इतकंच. अर्ध्या किलोच्या प्लेटा बनतात, वेटलिफ्टिंगच्या स्पर्धांत वापरल्याही जातात. त्या हाताशी नसतील तर वजन तेच ठेवून रेप्स वाढवत न्यायच्या आणि आठ-दहा नीट होऊ लागल्या की मग पुढची प्लेट लावायची. यात हुशारी काही नाही. तरीही पोरं वहीत फक्त किलोचा आकडा लिहितात, रेप्सचा रकाना कोरा.

(दृश्य: जुनं कृष्णधवल छायाचित्र. रुग्णालयातला व्यायाम कक्ष.)

वजन मोजूनमापून चढवत न्यायची पद्धत डॉक्टरी कागदावर आली ती लष्करी रुग्णालयातून. दुसऱ्या महायुद्धात गुडघे निकामी झालेल्या अमेरिकी जवानांना तोवर हलक्या, पुन्हापुन्हा करायच्या हालचाली दिल्या जायच्या. थॉमस डीलॉर्म या तरुण डॉक्टरांनी उलट केलं. जेमतेम दहा वेळा उचलता येईल एवढं वजन द्यायचं, आणि पाय सुधारेल तसं ते वाढवायचं. स्वतः डीलॉर्म किशोरवयात ऱ्हुमॅटिक फीव्हरने अंथरुणाला खिळले होते. वजनं उचलूनच त्यांनी अंगात पुन्हा ताकद आणली होती.

१९४५ साली त्यांनी ही पद्धत प्रसिद्ध केली. आधी ते एका व्यायामाचे सात ते दहा सेट, म्हणजे सलग केलेल्या रेप्सच्या फेऱ्या, करून घ्यायचे. १९४८ मध्ये सहकारी आर्थर वॉटकिन्स यांच्यासोबत लिहिताना त्यांनी ते तीनवर आणले: दहा रेप्सना जमेल त्या वजनाच्या निम्मं, मग पाऊण, मग पूर्ण. तीन सेट. वजन अडलं म्हणून आणखी चार सेट ठोकणाऱ्या कुठल्याही सोळा वर्षांच्या मुलाला हे सांगून बघा. तो तोंडावर हो म्हणेल आणि आपण निघालो की चार सेट ठोकेल.

(दृश्य: आरसा. एक मुलगा दंड फुगवून बघतोय.)

जिमचे पहिले काही आठवडे मोठे उदार असतात. दर वेळी रॉडवर काहीतरी चढतंच. आरशात मात्र काही फरक नसतो, शर्ट तितकाच ढगळ. ही ताकद येते कुठून?

मज्जासंस्थेतून. एक चेतापेशी आणि तिच्या हुकमतीत असलेले स्नायूतंतू मिळून एक मोटर युनिट होतं. नवखा माणूस जोर लावतो तेव्हा त्यातली सगळी युनिटं कामाला लागत नाहीत, लागली तरी त्यांना संदेश पुरेशा वेगाने जात नाहीत. शिवाय घाबरून विरुद्ध बाजूचे स्नायूही आवळले जातात. म्हणजे एक हात ढकलतो आणि दुसरा मागे ओढतो, असा प्रकार. सरावाने हा गोंधळ निवळतो. मोरितानी आणि डीव्ह्रीज या संशोधकांनी १९७९ मध्ये स्नायूंतले विद्युत संकेत मोजून दाखवलं की सुरुवातीच्या आठवड्यांतली वाढ मुख्यतः मज्जासंस्थेची असते. स्नायूच्या जाडीचा वाटा नंतर वाढत जातो.

ही पहिली कमाई ओसरते आणि दुसरी अजून पुरती सुरू झालेली नसते, त्या मधल्या काळात बहुतेक पोरं बिथरतात. दर आठवड्याला नवा प्रोग्रॅम. दर शुक्रवारी ‘मॅक्स’, म्हणजे एकदाच उचलता येईल असं जास्तीत जास्त वजन, तपासणं. स्क्वॉटमध्ये गुडघे आत कोसळतायत, पण आकडा तर आला! माझ्या मते या वयातलं सगळ्यात महागडं व्यसन हे मॅक्स तपासायचं. त्या दिवशी ताकद कमावली जात नाही, फक्त मोजली जाते. त्यात पाठ दुखावली, तर कमावलेलीही जाते.

(दृश्य: संघ ओळीत उभा. एकाच वयोगटातली मुलं, खांद्यांची उंची वेगवेगळी.)

या ओळीतल्या सगळ्यांचं जन्मवर्ष एकच. शरीराचं वय मात्र एक नाही. उंची झपाट्याने वाढण्याचा काळ मुलींमध्ये सरासरी बाराव्या वर्षाच्या आसपास येतो, मुलांमध्ये चौदाव्या. सरासरी, असं म्हटलं खरं, पण कुणाचा तो दोन वर्षं आधी उरकतो, तर कुणाचा दोन वर्षांनी सुरू होतो. त्यातही क्रम असतो: आधी उंची, मग वजन, मग ताकद. हाडं लांबतात, आणि त्या हाडांना साजेसं अंग भरायला पुढे कित्येक महिने जातात. काल जमणारा स्क्वॉट आज वाकडा होतो, कारण मांडीच लांब झालेली असते. अशा वेळी वजन थोडं उतरवून हालचाल पुन्हा बसवावी लागते. मिसरूड फुटलेल्या मित्राच्या रॉडकडे बघून आपल्या रॉडवर प्लेटा चढवल्या, तर त्यातून हाती काही लागत नाही.

वजन उचललं की उंची खुंटते, ही भीतीही ऐकू येते. देखरेखीखाली, नीट पद्धतीने केलेल्या वेट ट्रेनिंगने वाढ खुंटते याला आधार नाही. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेनेही ते मुलांसाठी सुरक्षित मानलं आहे. हाडांच्या वाढीच्या टोकांना इजा होते ती चुकीच्या पद्धतीने, लक्ष द्यायला कुणी नसताना, झेपणार नाही ते उचलल्याने.

(दृश्य: ट्रॅक. संध्याकाळ. फेऱ्या चालू आहेत.)

आता जिमबाहेरचं. खेळाडू नुसता वजनं उचलत नाही, तो धावतोही. रॉबर्ट हिक्सन यांनी १९८० मध्ये यावर एक प्रयोग प्रसिद्ध केला. एक गट फक्त ताकदीचा व्यायाम करणारा, दुसरा फक्त दमाचा, तिसरा दोन्ही. मुदत दहा आठवडे. दमाच्या बाबतीत तिसऱ्या गटाचं काही बिघडलं नाही. ताकद मात्र सातव्या आठवड्यापर्यंत चढली, मग थांबली आणि शेवटी उतरू लागली. फक्त वजनं उचलणाऱ्यांची शेवटपर्यंत चढतच होती. तिसऱ्या गटाचा भार फार जबर होता, आठवड्याला पाच-सहा दिवस दोन्ही. इतकं सगळे करत नाहीत. पण शाळेची टीम, क्लबची टीम, वर जिम आणि सकाळी धावणं, अशा वेळापत्रकातला मुलगा त्या तिसऱ्या गटापासून फार लांबही नसतो.

आणि हे सगळं चालतं कशावर? जेवणावर आणि झोपेवर. तेरा ते अठरा या वयात रात्री ८ ते १० तास झोप लागते. प्रथिनांचा आकडा सगळ्यांना पाठ असतो: वजनाच्या दर किलोमागे साधारण १.६ ग्रॅम, म्हणजे ५० किलोच्या खेळाडूला दिवसाला ८० ग्रॅम. पण एकूण खाणंच कमी पडलं, तर शरीर ती प्रथिनंही इंधन म्हणून जाळतं. वाढीच्या वयात खर्च तिहेरी असतो: वाढ, सराव, जिम. मुलींमध्ये हा तुटवडा फार लांबला की पाळी थांबू शकते. काही ठिकाणी त्याला कसून मेहनतीची खूण समजतात. ती आजाराची खूण आहे, तिथे डॉक्टरच हवेत. आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने २०१४ मध्ये खेळाडूंमधल्या अशा ऊर्जेच्या तुटीवर सविस्तर भूमिका मांडली. मुलग्यांनाही ती तूट भोवते, हेही त्यात होतं.

(दृश्य: भिंतीवर सामन्यांचं वेळापत्रक.)

शेवटचा प्रश्न हंगामाचा. सामने सुरू झाले की जिम सुटते, आणि हंगाम संपल्यावर सगळं पुन्हा रिकाम्या रॉडपासून. याची गरज नसते. ताकद कमवायला जेवढं लागतं, त्याच्या कितीतरी कमी ती टिकवायला लागतं. सेट आणि दिवस कमी केले तरी चालतात, रॉडवरचं वजन मात्र उतरवायचं नाही. तेवढं पाळलं तर आठवड्यातून एक सेशनही काही महिने पुरतं. ते सामन्यानंतर पाय मोकळे झाले की घ्यायचं, आदल्या दिवशी नाही.