भारद्वाज : कोकिळेच्या कुळातला, पण संसारी

[अंधार. फक्त आवाज : ऊप… ऊप… ऊप… ऊप…]

हा आवाज आधी येतो, पक्षी बराच उशिरा. झुडपाकडे चिकाटीनं बघत राहिलं, की काळ्या अंगाचा, तांबूस पंखांचा, गुंजेसारख्या लाल डोळ्यांचा भारद्वाज फांद्यांमधून वाट काढत खाली उतरतो आणि ऐटीत चालू लागतो.

मराठीत त्याला कुंभार कावळाही म्हणतात. इंग्रजांनी तर ‘क्रो फेजंट’ असं दुहेरी नाव ठेवलं : क्रो म्हणजे कावळा, फेजंट म्हणजे जमिनीवर फिरणारा, कोंबडीच्या नात्यातला पक्षी. रंग कावळ्याचा, चाल जमिनीवरची, फसायला होतंच. पण हा कावळा नाही. हा कोकिळेचा भाऊबंद.

[पायाचं जवळून दृश्य]

त्याचे पाय बघा. दोन बोटं पुढे, दोन मागे. कावळ्याची तीन पुढे असतात आणि एकच मागे. कोकीळ, पावशा, चातक या सगळ्यांचे पाय भारद्वाजासारखेच. अर्थात, अशी बोटं पोपटाला आणि सुतार पक्ष्यालाही असतात. म्हणून केवळ पायावरून कुळ ठरत नाही. हाडांची ठेवण आणि डीएनए यांचीही साक्ष काढावी लागते.

मागच्या एका बोटाची ती लांब, सरळ नखी दिसली? तिच्यावरूनच प्रजातीचं नाव पडलं : सेंट्रोपस, म्हणजे काटेरी पायाचा. आपला भारद्वाज सेंट्रोपस सायनेन्सिस. 1990 मध्ये सिब्ली आणि मनरो या अमेरिकी अभ्यासकांनी भारद्वाजांसाठी स्वतंत्र कुळच मांडलं होतं. ते फारसं टिकलं नाही. आज ते पुन्हा कोकिळेच्या घरात, क्युक्युलिडी कुळात आहेत.

आणि इथेच मला या पक्ष्याची बाजू घ्यावीशी वाटते. कोकिळेचं कुळ म्हटलं, की दुसऱ्याच्या घरट्यात अंडी घालणारे पक्षी, हेच आपल्या डोक्यात बसलंय. पण कुळात जाती आहेत सुमारे 150, आणि असं करणाऱ्या जेमतेम 60. बाकीचे आपली पिलं आपणच वाढवतात. भारद्वाज त्यांतलाच.

[दाट झुडूप. आत काड्या-पानांचा मोठा गोळा]

हे त्याचं घरटं. वरून घुमटासारखं झाकलेलं, बाजूला दार. आतली अंडी पांढरीशुभ्र. नर आणि मादी आळीपाळीनं उबवतात, आणि पिलं बाहेर आली की दोघंही दिवसभर चारा आणतात : टोळ, गोगलगायी, सरडे.

[भारद्वाज चोचीत सरडा धरून दाराशी येतो]

आला बघा. आतून पिलांची चाहूल लागते, तो क्षणभर थांबून इकडेतिकडे पाहतो, आणि आत शिरतो.