दफनभूमीतला नळ

नमस्कार श्रोतेहो.

फ्रान्सच्या खेड्यापाड्यांतून लांब पल्ल्याची सायकल चालवणाऱ्यांमध्ये एक युक्ती तोंडोतोंडी चालत आलेली आहे. ऑगस्टचं ऊन, बाटल्या रिकाम्या, गावातलं एकुलतं दुकान बंद आणि रस्त्यावर चिटपाखरू नाही, अशी वेळ आली की गावाची दफनभूमी शोधायची. तिथे नळ हमखास सापडतो. थडग्यांवरच्या फुलझाडांना घालायला लोकांना पाणी लागतं, म्हणून तो बसवलेला असतो. 'पिण्यायोग्य नाही' अशी पाटी नाही ना, एवढं बघायचं, बाटली भरायची, डोक्यावर थोडं ओतून घ्यायचं आणि निघायचं. कुणी हटकत नाही.

आज मी तुम्हाला पॅरिस-ब्रेस्ट-पॅरिस या सायकलवारीच्या रस्त्यावर नेणार आहे. आपले सायकलवाले तिला नुसतं 'पीबीपी' म्हणतात. पॅरिसजवळच्या रांबुयेहून निघायचं, पश्चिमेला अटलांटिकच्या काठावरचं ब्रेस्ट बंदर गाठायचं आणि परत यायचं. अंतर सुमारे १२०० किलोमीटर, मुदत जास्तीत जास्त ९० तास. जेवण, झोप, पंक्चर, सगळं त्या ९० तासांतच. ही शर्यत नाही, पहिला-दुसरा नंबर नाही. ठरलेल्या ठाण्यांवर वेळेत पोचायचं, कार्डावर शिक्का घ्यायचा आणि पुढे सटकायचं.

सुरुवात मात्र शर्यत म्हणूनच झाली. साल १८९१. 'ल पती जुर्नाल' या वर्तमानपत्राचे संपादक पिएर जिफार यांना सायकल हे गंभीर वाहन आहे हे लोकांच्या गळी उतरवायचं होतं, आणि अर्थातच अंक खपवायचे होते. दोनशेहून अधिक पुरुष निघाले. हवेच्या रबरी टायरची तेव्हा नवलाई होती, त्यामुळे ही सायकलस्वारांइतकीच टायर कंपन्यांचीही झुंज झाली. शार्ल तेराँ मिशलँच्या टायरवर होता आणि बराच काळ मागे होता. पुढे असलेला जील-लाव्हाल परतीच्या वाटेवर गँगाँ गावात झोपायला थांबला. ही खबर तेराँच्या माणसांना लागली. तेराँ अंधारात गावातून पुढे निघून गेला आणि ७१ तास २२ मिनिटांत पॅरिसला पोचला. झोपेचा हिशेब चुकला की पीबीपी हातची जाते, हे तेव्हापासून चालत आलंय. पुढे १९०१ साली मोरिस गारँ जिंकला. दोनच वर्षांनी पहिली तूर द फ्रान्सही त्यानेच जिंकली.

तेव्हा सगळे जण पॅरिस-ब्रेस्ट हमरस्त्यानं जात. मोटारी वाढल्या तशी ही वाट शेतांमधल्या छोट्या रस्त्यांवर सरकली, आणि माझ्या मते पीबीपीचं भलं झालं ते तिथेच. हे रस्ते गावाला वळसा घालत नाहीत, थेट चर्चच्या दारावरून जातात. लांबून शेतांवर आधी चर्चचा सुळका दिसतो. तो टेकडीवर असला की पुढे चढ आहे, हे न सांगता कळतं. डांबर मात्र खरखरीत, खडी वर आलेली. पहिले दोनशे किलोमीटर काही वाटत नाही, सहाशेनंतर तळहात बोलायला लागतात.

ऐतिहासिक स्थळं या वाटेवर भरपूर आहेत. रांबुयेचा राजवाडा घ्या. फ्रान्सवा पहिला हा राजा १५४७ साली तिथेच वारला. सोळाव्या लुईनं स्पेनहून मेरिनो मेंढ्या आणून वसवलेला मेंढवाडाही तिथलाच. गेल्या दोन वेळा सायकलींची गर्दी जमली ती याच आवारात. पण सुरुवातीला छातीत धडधड असते, राजवाड्याकडे कोण बघतो?

फुजेरचा किल्ला बघायलाच हवा. तेरा बुरूज, जाड तटबंदी, आणि गंमत म्हणजे किल्ला खाली नि गाव वर. आपल्याला किल्ला म्हटलं की मान वर करायची सवय. इथे तो नांसाँ नदीच्या वळणात, खोलगट जागी बसलाय. पाणी आणि दलदल हेच त्याचं संरक्षण. पश्चिमेकडचं ब्रितानी हे तेव्हा स्वतंत्र सरदारी राज्य होतं आणि फुजेर त्याच्या सीमेवरचं नाकं. बाराव्या शतकात इंग्लंडच्या दुसऱ्या हेन्रीनं तो पाडला, पुन्हा दगडात बांधला गेला, १४८८ साली फ्रेंच फौजेनं घेतला आणि १५३२ मध्ये ब्रितानी रीतसर फ्रान्सला जोडलं गेलं. तुम्ही तिथे पोचता तेव्हा तीनशे किलोमीटर झालेले असतात. बुरूज मोजावेत की सूप प्यावं हा प्रश्न पडतो, आणि सूप जिंकतं.

म्हणून सांगतो, या वाटेवर इतिहास भेटतो तो गरजेच्या जागी. बसायला बाक हवा असतो, आणि बाक असतो गावच्या चौकात, युद्धस्मारकासमोर. फ्रान्समध्ये असं स्मारक नसलेलं गाव शोधावं लागेल. पहिल्या महायुद्धात या देशाचे १३-१४ लाख सैनिक मेले. दगडावर वर '१९१४-१९१८' आणि खाली नावांची यादी. पाय पसरून ब्रेडमध्ये चीज घालून खात असता आणि डोळे यादीवर फिरतात. एकच आडनाव लागोपाठ तीनदा. गावात घरं किती, तर डोळ्यांना दिसतात तेवढीच, चाळीस-पन्नास. खालच्या बाजूला दुसऱ्या महायुद्धाची यादी, तुलनेनं आखूड. पुढच्या गावात पुन्हा बाक, पुन्हा यादी. कुठलाही गाइड न घेता एका देशाचं शतक असं वाचून होतं.

पश्चिमेला रॉक त्रेव्हेझेलचा चढ येतो. उंची चारशे मीटरही नाही. कात्रज-खंबाटकीवर घाम गाळलेल्या माणसाला हसू येईल, पण जरा थांबा. घाट एकदा संपतो. इथे दोन-दोन किलोमीटरचे चढ-उतार दिवसभर येत राहतात आणि सगळे मिळून ११ हजार मीटरहून जास्त चढाई होते.

ब्रेस्टच्या अलीकडे खाडीवर आल्बेर-लूप पूल आहे. तिथे मात्र सगळेच थांबतात, घड्याळ विसरून फोटो काढतात. काँक्रीटच्या तीन प्रचंड कमानी, १९३० साली खुला झाला तेव्हा त्या प्रकारात जगात सर्वांत लांब. अभियंता यूजेन फ्रेसिने. हे नाव आपल्याकडच्या सिव्हिलवाल्यांना माहीत असतं, कारण १९२८ साली प्रीस्ट्रेस्ड काँक्रीटचं, म्हणजे आत ताणलेल्या पोलादी तारांनी बळकट केलेल्या काँक्रीटचं, पेटंट घेणारा हाच. आपले बरेच उड्डाणपूल त्याच तंत्रावर उभे आहेत. १९४४ मध्ये जर्मनांनी पुलाची एक कमान उडवली, ती युद्धानंतर पुन्हा बांधली. १९९४ साली शेजारी मोटारींसाठी नवा पूल झाला आणि हा जुना सायकलींच्या, चालणाऱ्यांच्या वाट्याला आला. ब्रेस्ट शहर मला काही आवडलं नाही. सरळसोट, करडं. पण १९४४ च्या वेढ्यात जवळजवळ अख्खं शहर जमीनदोस्त झालं होतं, जुना किल्ला तेवढा टिकला, हे कळल्यावर तक्रार करवत नाही.

आता माणसांबद्दल. रात्रीचा दीड वाजलाय, गाव झोपलंय, आणि एका घरासमोर टेबल मांडलेलं. वर मेणकापड, दोन थर्मास, कापून ठेवलेला केक, केळी. आजीबाई कपात कॉफी ओततात. शेजारी ब्लँकेट पांघरलेला नातू वहीत लिहितो: कुठून आलात? 'एंद', म्हणजे भारत, म्हटल्यावर तो मागची पानं उलटून दाखवतो, भारतवाले आधी येऊन गेलेत. पैसे विचारले तर नकार. फुजेरच्या अलीकडे एका वाडीवर एक कुटुंब वर्षानुवर्षं कॉफी आणि गरम क्रेप, म्हणजे पातळ धिरडी, देत आलंय. मोबदला एकच, घरी पोचल्यावर तुमच्या गावाचं पोस्टकार्ड पाठवायचं. पालखीच्या वाटेवरची गावं आठवली नाहीत तर तो मराठी माणूस कसला! फरक एवढाच की इथे दोन मिनिटं जास्त बसलात तर आजीबाईच मनगटाकडे बोट दाखवून हाकलतात.

पीबीपीला जगभरातून सहा हजारांहून जास्त लोक येतात, त्यात भारतातले काही शेकडो, आणि त्यांत पुणे, मुंबई, नाशिक, कोल्हापूर, नागपूरकडचे बरेच. ही पुढची गोष्ट खास त्यांच्यासाठी. आपली मंडळी दमानं कमी आणि थंडीनं जास्त हरतात. ऑगस्ट म्हणून हलकी जर्सी घेऊन जातात, आणि ब्रितानीत पहाटे दात वाजायला लागतात. २०१९ साली थंडी आणि समोरचा वारा, दोन्हींनी मिळून अनेकांना परत पाठवलं. उलट २०२३ ला ऊन होतं. तेव्हा दोन्हीची तयारी हवी: गुडघे झाकणारे वॉर्मर, पूर्ण बोटांचे हातमोजे, वारा अडवणारं जाकीट. रात्रीचं चमकणारं बंडी-जाकीट तर नियमानं सक्तीचंच.

पीबीपी दर चार वर्षांनी होते, म्हणजे पुढची २०२७ च्या ऑगस्टमध्ये. ज्यांना जायचंय त्यांनी त्याच हंगामात २००, ३००, ४०० आणि ६०० किलोमीटरच्या चारही बीआरएम, म्हणजे ठरलेल्या मुदतीत पुऱ्या करायच्या लांब सायकलफेऱ्या, वेळेत पूर्ण करायला हव्यात. सहाशेला ४० तास मिळतात. शक्य असेल तर ती सहाशे डिसेंबर-जानेवारीच्या थंडीत एकदा आधी करून बघा, रात्री न थांबता. आणि सामानात आपल्या गावाची चार-पाच पोस्टकार्डं टाका. टपालानं पाठवण्यापेक्षा तिथल्या तिथे हातात दिलेली बरी.

नमस्कार.